प्रेमिलाचे मासे आजारी पडले

सकाळी माझ्या दुकानाचं शटर वर जातं आणि समोरच्या घरातून प्रेमिला गजभिये बाहेर पडते. गेली कित्येक वर्षं या दोन गोष्टी एकाच वेळी होतात, आणि तितकीच वर्षं मी तिला एकच प्रश्न विचारत आलो आहे.

"काय वं प्रेमिला, आज येतानी काय आणशीन? रोहू का झिंगे?"

"तुह्यासाठी काटे आणीन," ती म्हणते आणि कामठी रोडकडे चालू लागते. तिथून शेअर ऑटो, मग आणखी एक ऑटो, मग धरमपेठच्या पलीकडची एक संशोधन संस्था. संस्थेचं नाव लिहायचं नाही असं तिने मला बजावलं आहे. हे लिहून झाल्यावर तिने सगळं वाचलंही आणि स्वतःच्या वयाचा आकडा खोडला. म्हणून एवढंच सांगतो की ती आणि माझी बायको शाळेत एका बाकावर बसायच्या, आणि बायकोचं वय चारचौघांत सांगण्याची माझी छाती नाही.

माझं दुकान कूलरचं. वाळ्याच्या ताट्या भरायच्या, पंप बदलायचे, टाकी गळत असेल तर बुजवायची. उन्हाळाभर मी मेकॅनिक असतो आणि उरलेलं वर्ष गल्लीचा चौकशी अधिकारी. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या घरी नवीन फ्रिज उतरला, सगळं माझ्या खुर्चीवरून दिसतं. तरी प्रेमिला नेमकं काय करते हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. "माशांची देखभाल," एवढंच ती सांगायची. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली बाई मासे सांभाळते म्हटल्यावर मी समजलो, साहेबाच्या केबिनमध्ये शोभेची टाकी असेल. जिजाबाई, म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी, तिचा पक्का समज होता की धरमपेठेत सरकारी मच्छी मार्केट आहे आणि प्रेमिला तिथली मॅनेजर. रविवारी विहारात वंदना झाली की ती हळूच प्रेमिलाला कोपऱ्यात घ्यायची आणि चांगली सुकट आणून देशील का म्हणून विचारायची.

शेवटी वैतागून प्रेमिलाने एक दिवस मोबाइलवर फोटो दाखवला. बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर निळ्या रेघा.

"याले झेब्रा मासा म्हणतात. आपल्याच देशातला आहे. नाल्यात, धानाच्या बांधीत राहते."

"याच्यात खायले काय आहे वं पोरी?" जिजाबाईने विचारलं.

"खायले नाही आजी, पाहायले."

मग तिने व्हिडिओ लावला. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, अगदी काचेसारखं. आतलं सगळं दिसत होतं. छातीपाशी मोहरीच्या दाण्याहून लहान काहीतरी आत-बाहेर होत होतं. "हे धडधडून राहिलं ना, ते त्याचं दिल. माणसाचं दिल पाहायचं तं मशीन लागते, सुई लागते. याचं उघडं दिसते. अन् दिलाचा स्नायू बनवायची रीत माशात अन् माणसात बरीच सारखी आहे. म्हणून दिलाच्या बिमाऱ्या माशात पाहतात."

जिजाबाईने मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि कानाला लावला. ठोके ऐकू येतात का म्हणून.

त्या दिवसापासून गल्लीने प्रेमिलाला माशांची डॉक्टरीण करून टाकलं. कोणाच्या कूलरमध्ये महानगरपालिकेने डासांसाठी दिलेले गप्पी मासे मेले की तिला हाक. ती येऊन पाहायची आणि म्हणायची, "पाण्यात फिनाइल टाकलं असंन मधुकरभाऊनं." मी कधीच टाकलं नव्हतं, पण लोकांना पटायचं.

आता धम्मानंदची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माशांची पुढची गोष्ट कळायची नाही.

धम्मानंद तिचा धाकटा भाऊ. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला, आणि सुटीच्या दिवशी कबड्डी. तो चढाईला निघाला की समोरची पोरं आधीच मागे सरकायची, असा गडी. एका मे महिन्यात ड्यूटीवरून परतताना सावनेरच्या बसस्टँडवर उभा होता, आणि उभ्याउभ्याच खाली बसला. पुन्हा उठला नाही. मागे बायको भावना आणि शाळेत जाणारी मुलगी रितिका.

ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. नागपुरात मे महिन्यात माणूस पडला की दुसरं कारण कोणी शोधत नाही. दुपट्टा बांधला नव्हता, खिशात कांदा नव्हता, पन्हं पिऊन निघाला नव्हता, अशी सगळी चर्चा माझ्याच दुकानासमोर झाली. प्रेमिला त्या गर्दीतून आली आणि एकच वाक्य बोलली.

"बाबा तं थंडीत गेले. तेव्हा कोणतं ऊन होतं?"

तिचे वडील नत्थूजी कामठीला पॉवरलूमवर होते. तेही असेच, चालत्या लूमसमोर, डिसेंबर महिन्यात कोसळले होते. तेव्हा आम्ही लूमच्या धुळीला दोष दिला होता.

प्रेमिलाने पोस्टमॉर्टेमचा आग्रह धरला. नातेवाईक नाराज झाले, मीही मनात म्हटलं, कशाला आता त्याला कापायचं. पण त्यातून निघालं ते ऊन नव्हतं. हृदयाचा स्नायू जाड झालेला होता. मला ते कूलरच्या भाषेत कळलं. टाकी बाहेरून तेवढीच, पण भिंत आतून जाड होत गेली, म्हणून पाणी कमी मावायला लागलं, पंप जोर लावत राहिला आणि एक दिवस त्याचा ताल चुकला. आणि हा रोग घराण्यातून येतो, बापाकडून पोराला, पोराकडून त्याच्या पोराला.

इथे रितिका मधे आली. ही पोरगी पंधराशे मीटर पळते. पळते म्हणजे अशी की सकाळी कामठी रोडवर दूधवाले तिच्या मागे मोटरसायकल घालायचे आणि हरायचे. राज्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झालेली होती. डॉक्टर म्हणाले, थांबा. धम्मानंदच्या जपून ठेवलेल्या नमुन्यातून जीनची तपासणी झाली. एका जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलं. मग घरातल्यांची रक्तं तपासायला गेली. ते बदललेलं अक्षर प्रेमिलात होतं. रितिकात नव्हतं.

मी लगेच गल्लीत सांगून टाकलं की पोरगी सुटली. पण डॉक्टरांनी पळण्याची परवानगी दिली नाही. त्या अक्षराचा अर्थ अजून कोणालाच माहीत नाही, असं रिपोर्टात होतं. अर्थ लागेपर्यंत पळायचं नाही. रितिकाने बूट धुऊन, उन्हात वाळवून, खोक्यात भरून माळ्यावर टाकले. दूधवाले तिच्याबद्दल विचारायचे तेव्हा ती आत जायची.

प्रेमिलाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सोनिका मॅडम. पुण्याहून आल्या म्हणून मी त्यांना न पाहताच नावं ठेवून घेतली होती. प्रेमिला त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, आपण दुसऱ्यांच्या घरची अक्षरं माशांत घालून पाहतो, माझ्या घरचं घालून पाहू. मॅडमनी लगेच होकार दिला नाही. समितीसमोर ठेवलं, घरातल्या सगळ्यांची संमती घेतली, मग काम सुरू झालं. माशाच्या अंड्यात तोच बदल करायचा, ते मासे वाढवायचे, त्यांची पिल्लं घ्यायची, आणि ज्यांच्यात ते अक्षर आहे आणि ज्यांच्यात नाही अशा दोघांची हृदयं पाहायची. मासे झाले तरी वाढायला वेळ घेतात. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला.

गल्लीला एवढंच कळलं होतं की धम्मानंदचं अक्षर माशांत घातलं आहे आणि रितिकाचं पळणं आता त्या माशांवर आहे. गल्लीने आपला सरळ हिशेब लावला. मासे चांगले, तर पोरगी चांगली.

मग काय, एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर जिजाबाई उभी राहिली. तिने मेणबत्ती लावली आणि सगळ्यांना सांगितलं, "आता दोन मिनिटं प्रेमिलाच्या माशांसाठी. त्याइले आरोग्य लाभो, त्याइचं दिल ठणठणीत राहो." आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मी तर इतक्या भक्तिभावाने मिटले की माझ्या बायकोला शंका आली. भंतेजींनीही मान डोलावली. माशांच्या तब्येतीसाठी एवढी माणसं एकदम बसलेली नागपूरने याआधी पाहिली नसतील.

मागून प्रेमिलाचा आवाज आला. "आजी, असं नको मागू."

"काहून वं?"

"ते ठणठणीत राहिले तं रितिका घरीच बसते."

सगळ्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "आता हे काय नवीन काढलं?"

ती पुढे आली आणि चटईवर बसली. "ऐका. ते अक्षर रितिकात नाही. पण बाबाले अन् धम्माले त्याच अक्षरानं मारलं का, हेच माहीत नाही. माशात घातलं अन् मासे चांगलेच राहिले, तं ते अक्षर बहुतेक निर्दोष. म्हणजे खरा दोषी दुसराच कोणीतरी, जो आपल्याले सापडलाच नाही. अन् तो रितिकात लपून बसला असू शकते. मंग डॉक्टर तिले कधीच सोडणार नाहीत."

"अन् मासे बिमार पडले तं?" मी विचारलं.

"तं दोषी सापडला. अन् तो रितिकात नाही. पोरगी मोकळी."

मला जे सुचलं ते मी बोलून गेलो. माझी जीभ अशीच आहे. "अन् मंग दोषी तुह्यात आहे."

"हाव," प्रेमिला म्हणाली. भाजी आणली का, असं विचारल्यावर माणूस हाव म्हणतो तसं.

भावना एका बाजूला बसली होती. ती उठली. "ताई, मले असला निकाल नको. पोरीचं पळणं गेलं तं गेलं."

"माह्यात जे आहे ते आहेच, भावना. माशानं सांगितलं नाही म्हणून ते जाणार आहे का? आज माही दिलाची सोनोग्राफी साफ आहे. उद्याचं कोण सांगते? कळलं तं मी गोळ्या खाईन, जपून राहीन. धम्माले कळलं असतं तं तोही जपला असता. त्याले आपण कांदा देऊन राहिलो होतो."

आता जिजाबाई अडचणीत आली. आजवर विहारात बसून कोणाचं वाईट मागितलं नव्हतं, आणि आता माशांना आजार मागायचा म्हणजे जिवावरचं काम. तिने भंतेजींकडे पाहिलं. भंतेजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. शेवटी म्हातारीनेच रस्ता काढला. विझलेली मेणबत्ती पुन्हा लावली आणि म्हणाली, "जे खरं आहे ते दिसो. बस, एवढंच." आम्ही पुन्हा डोळे मिटले. मी या वेळी अर्धेच मिटले, कारण मला प्रेमिलाचा चेहरा पाहायचा होता. ती चटईची काडी उपसत होती.

प्रेमिलाबद्दल एक गोष्ट गल्लीत मी सोडून कोणाला ठाऊक नव्हती. ते मासे तिच्या ताब्यात नव्हते. अख्ख्या संस्थेत माशांची देखभाल तिची, पण त्या एका खोलीला हात लावायचा नाही, आत जायचं नाही, असं तिनेच मॅडमकडून लिहून घेतलं होतं. ते मासे रजत नावाचा एक संशोधक पाहायचा. त्यालाही कोणत्या भांड्यात कोणते मासे हे ठाऊक नसायचं. भांड्यांवर नुसते नंबर, आणि कोणत्या नंबरात कोणते याची यादी मॅडमकडे बंद. रजत हृदयं मोजायचा, आणि मोजताना त्याला कोणाची बाजू घेता येत नव्हती.

"तू तं नुसता चारा टाकशीन," मी एकदा म्हटलं होतं. "त्याच्यानं काय होते?"

"मधुकरभाऊ, एखाद्या भांड्यात माहा हात जास्त जाईन. कोणत्या, ते मलेही कळणार नाही. अन् उद्या लोक म्हणतीन, आत्यानं भाचीसाठी केलं. मंग ते खरं असूनही खोटं होते."

मी तेव्हा हसलो होतो. म्हटलं, नागपुरात बसून कोण तुझे मासे मोजायला येतंय. मग मे महिना आला.

रविवारची दुपार. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. संस्थेतून प्रेमिलाचा फोन. तिचा आवाज नेहमीसारखाच, पण मधे मधे ती थांबत होती.

"मधुकरभाऊ, त्या खोलीचा एसी बंद पडला. पंप, हवा सगळं चालू आहे, फक्त खोली तापून राहिली. मेकॅनिक म्हणते उद्या येतो. रजत लग्नाले गेला वर्ध्याले, तो निघाला पण वेळ लागते. मॅडम गावाले गेल्या, फोनवर आहेत. तुह्याजवळ मोठा कूलर तयार आहे का?"

"आहे. पण त्या खोलीत तं तुले मनाई…"

"बोलू नको. घेऊन ये."

शेजारच्या धोंडबाचा छोटा हत्ती, म्हणजे त्याचा मालवाहू टेम्पो, गल्लीतच उभा होता. त्यात मोठा कूलर, भिजवून धुतलेल्या ताट्या, पाइप, वायर टाकून आम्ही निघालो. फाटकावरच्या गार्डने मला अडवलं. प्रेमिलाने मॅडमना व्हिडिओवर घेतलं. मोबाइलमधून बाई म्हणाल्या, "मधुकरराव आत जातील. हात धुऊन, पाय औषधाच्या पाण्यात बुडवून. प्रेमिलाताई, तुम्ही नाही."

"मी नाहीच, मॅडम," प्रेमिला म्हणाली.

आत काचेचं दार. दारासमोर फरशीवर लाल पट्टी चिकटवलेली. प्रेमिला त्या पट्टीच्या अलीकडे येऊन उभी राहिली आणि, मी खोटं सांगत नाही, तिने खोलीकडे पाठ केली. समोरच्या भिंतीकडे तोंड, हात मागे.

"हे काय वं?"

"मासे दिसतात इथून. तू सांग, मी ऐकतो."

आम्हा नागपूरकरांच्या बायाही चिडल्या, घाबरल्या की ऐकतो, जातो म्हणतात. म्हणजे ती घाबरली होती.

खोलीत कपाटासारख्या फळ्यांवर काचेची भांडी, पाणी झुळझुळत फिरणारं, आणि त्यात ते निळ्या रेघांचे मासे. सगळे एकसारखे. मी वाकून पाहिलं. "यातले बिमार कोणते?"

"मले माहीत असतं तं मी अशी उभी राहिली असती का? काटा पाह्य. पाण्याचा आकडा सांग."

"एकतीसच्या वर आहे."

"अठ्ठावीस पायजे. खिडकी उघड. कूलर बाहेरच्या बाजूनं लाव, कोरडी हवा ओढली पायजे."

"मले कूलर लावायले शिकवून राहिली का?"

आजवर हजारो कूलर लावले असतील, पण त्यांच्या वाऱ्यात झोपणारी माणसं असायची, फार तर एखादी नवरी. मी टाकी भरली आणि सवयीने खिशात हात घातला. आमच्याकडे गिऱ्हाईकाच्या कूलरमध्ये पहिल्या पाण्यात केवड्याचे दोन थेंब टाकतो, घर खूश होतं. बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज तिने पाठमोरीच ऐकला.

"अत्तर नको टाकू गा."

"हवेत उडून जाते ते."

"ज्या हवेत ते, त्याच हवेत पाणी. बूच लाव."

मी बूच लावलं. मोबाइलच्या पडद्यावर मॅडम डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

कूलर सुरू झाला. ताट्या ओल्या झाल्या, खोलीत गार वारा शिरला, आणि काटा मात्र हलेना. मी दर थोड्या वेळाने आकडा सांगायचो, ती भिंतीकडे पाहत "हं" म्हणायची. मला राहवेना. चेष्टा करायची म्हणून म्हटलं, "एवढी काय घाबरते? मासे आहेत, थोडं ऊन लागलं तं काय होते?"

तिने मागे बांधलेले हात सोडले. मग म्हणाली, "तापल्या पाण्यात दिल जोरात पळते, मधुकरभाऊ. मंग यातले काही आज मेले, काहींचं दिल बिघडलं, तं कशानं बिघडलं ते कोण सांगीन? सगळे काय म्हणतीन, ते तूच सांग."

मला सांगावं लागलं नाही. धम्मानंदच्या वेळी ते वाक्य माझ्याच दुकानासमोर जन्मलं होतं.

त्यानंतर मी जीभ आवरली. माझी बायको यावर अजून विश्वास ठेवत नाही, पण मोबाइलमधून मॅडम साक्षीदार आहेत. मी फळीजवळ बसलो, टाकीत पाणी ओतत राहिलो, पंपाच्या जाळीत आलेला कचरा बोटाने काढत राहिलो. बाहेरची लू आमच्या ताट्यांतून आत येताना गार होत होती. नागपूरचं ऊन जितकं कोरडं तितका कूलर खूश, हे मी गिऱ्हाइकांना कायम सांगतो, त्या दिवशी मीच त्यावर श्वास रोखून बसलो होतो. काटा तीसवर आला. मग एकोणतीस. पुढे अठ्ठावीसच्या आसपास येऊन थबकला.

"आला," मी म्हटलं.

प्रेमिलाने तरी मागे वळून पाहिलं नाही. ती हळूच भिंतीला टेकली आणि खाली बसली. रजत वर्ध्याहून घामाघूम होऊन पोचला तेव्हा आम्ही दोघं पट्टीच्या दोन बाजूंना बसून तिच्या डब्यातला झुणका खात होतो. मी आत, ती बाहेर. म्हणजे खरं तर मी आत खाल्लं नाही, मॅडमनी बजावलं होतं, मी दारातून मान बाहेर काढून खाल्लं. रजतने आल्या आल्या सगळी भांडी पाहिली, दुपारच्या तापमानाची नोंद केली, आणि माझ्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाला, "हा उद्याही राहू द्या."

तो महिनाभर राहिला. गल्लीत मी सांगितलं की सरकारने माझा कूलर संशोधनासाठी घेतला आहे. यात फार खोटं काही नव्हतं.

पुढे काम चालत राहिलं. आमच्या हातात काहीच नव्हतं. ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, आमची गल्ली बाहेरगावाहून दीक्षाभूमीला येणाऱ्या लोकांसाठी भोजनदानाची तयारी करते. नत्थूजींच्या वडिलांनी छप्पन साली तिथेच दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या कुटुंबाकडे पोळ्यांचं काम. आम्ही मांडव बांधत होतो. भावना आणि जिजाबाई कणीक मळत होत्या, रितिका पाण्याच्या टाक्या धूत होती. प्रेमिला कामावरून यायची वेळ झाली नव्हती, तरी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. ऑटोतून उतरून सरळ माझ्या दुकानापाशी आली.

माझ्या तोंडातून नेहमीचंच निघालं. "काय वं प्रेमिला, आज काय आणलं?"

"बिमार मासे," ती म्हणाली.

जिजाबाईच्या हातातला गोळा परातीत पडला.

मॅडमनी नंबरांची ती यादी उघडली होती. रजतने मोजलेल्या हृदयांत ज्यांची भिंत जाड निघाली होती, ज्यांचा ठोका अडखळत होता, ती जवळपास सगळी भांडी त्या अक्षराची निघाली. बाकीचे मासे ठणठणीत. पण डॉक्टर एकट्या माशांच्या भरवशावर काही लिहीत नाहीत. दुसऱ्या एका राज्यातल्या घराण्यात तेच अक्षर आणि तोच रोग सापडल्याचं मधल्या काळात कळलं होतं. सगळं एकत्र ठेवून डॉक्टरांनी रिपोर्टातलं वाक्य बदललं. अर्थ लागला होता. दोषी सापडला होता, आणि तो रितिकात नव्हता.

रितिका ओल्या हातांनी उभी होती. मला वाटलं आता ही ओरडेल, नाचेल. ती आत्याकडे पाहत राहिली.

"आत्या, मंग तू?"

"मी गोळ्या खाईन. वर्षाचं वर्ष मशीनखाली झोपून फोटो काढीन. जड उचलणार नाही. अन् कबड्डी सोडून देईन."

"तू कबड्डी कधी खेळत होती?"

"म्हणून तं सोडणं सोपं आहे."

भावना कणकेच्या हातांनीच तिच्या गळ्यात पडली. प्रेमिलाच्या नव्या साडीवर पाचही बोटं उमटली. मी तेवढ्यात मांडवाची बल्ली आपटली, असं दाखवायला की डोळ्यात गेली ती धूळ आहे. जिजाबाईने मला बरोबर पकडलं. "मधुकर, तुले कधीपासून धूळ लागते गा?"

त्या वर्षी दीक्षाभूमीला आलेल्या लोकांना पोळ्या वाढताना मी प्रत्येक पंगतीला सांगितलं की या पोळ्या केलेल्या बाईच्या घरचं अक्षर माशांत आहे. कोणाला काहीही कळलं नाही, पण सगळ्यांनी प्रेमिलाकडे आदराने पाहिलं. ती मला वाढपी म्हणून काढून टाकायला निघाली होती.

सुटी संपून ती कामावर निघाली त्या सकाळी मी शटर वर केलं. पंधराशे मीटरवाली आधीच निघून गेली होती, माळ्यावरचं खोकं रिकामं करून. प्रेमिला बाहेर आली. मी झिंग्यांचं काढलं नाही.

"आज त्या खोलीत जाशीन?"

"हाव. आता मनाई नाही. आज त्याइले मी चारा टाकीन."

"भाचेच झाले तुह्ये. घरचं अक्षर आहे त्याइच्यात."

"बिमार पडले बिचारे आपल्यापायी," ती म्हणाली. "पायजे तेवढं लाडानं पाहीन त्याइले."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती म्हणाली, मी पेशंट दिसून राहिली का तुले, दे इकडे. मी म्हटलं, डब्यात झुणका आहे का ते तपासून राहिलो. असं भांडत आम्ही कामठी रोडपर्यंत गेलो. तिला ऑटोत बसवलं. ऑटो निघाला तोच मागून रितिका आली, घामाने भिजलेली, ऑटोच्या बरोबरीने पळत. तिने आत पाहिलं नाही, पुढे पाहत होती. मग ऑटो मागे पडला.

ऑटोवाल्याने मान बाहेर काढली. "काय झालं बाई? ही पोरगी काहून पळून राहिली?"

"काही झालं नाही," प्रेमिलाचा आवाज मला फुटपाथवर ऐकू आला. "माही भाची आहे. पळू दे."